रावेरच्या केळ्यांचा पाव

माझ्या माहेरी पाव चालत नसे. आमचं घराणं झाशीत सात पिढ्यांचं. मूळ पुरुष गुरसरायच्या जहागिरीत कारकून म्हणून आला आणि त्याचं परत जायचं राहून गेलं. पावात ताडी घालतात, खमीर म्हणजे सडवलेलं पीठ, असं आमचे आबासाहेब छातीठोकपणे सांगत. झाशीच्या बेकरीवाल्याला ताडी मिळते कुठे, हे त्यांना विचारायची कुणाची हिंमत नव्हती. त्यामुळे लग्न होऊन मी सीपरी बाजारातल्या सासरी आले आणि दुसऱ्याच सकाळी सासूबाईंनी बशीत तपकिरी पावाचा जाड तुकडा ठेवला, तेव्हा मी हात मागे घेतला.

"खा," त्या म्हणाल्या. "यात खमीर नाही, अंडं नाही, काही नाही. केळी आहेत."

मी खाल्ला. वेलचीचा वास होता, कड खरपूस होती आणि आतून ओलसर गोड. मला फार आवडला, पण नवी सून म्हणून मी तोंड वाकडंच ठेवलं. खरं सांगायचं तर मला रेल्वेवाल्या मराठी लोकांचा रागच होता. तीस-तीस वर्षं झाशीत काढायची आणि बोलताना 'आमच्याकडे' म्हणायचं ते जळगावला नाहीतर पुण्याला. आम्ही काय धर्मशाळा चालवत होतो? सासूबाई माझ्या 'नहाणीत पानी आ गया का बघते' अशा मराठीला हसायच्या. मी त्यांच्या बोलण्याला हसायची, कारण रावेरकडच्या माणसाची जीभ ळ ला य म्हणते. शुद्ध बोलायची त्यांनी सवय लावून घेतली होती, पण राग आला किंवा डोळे भरून आले की केळ्याचं 'केयं' व्हायचं.

त्यांचं नाव अनुसूया. सासरे नीलकंठराव, म्हणजे माझे मामंजी, मालगाडीचे गार्ड होते. पुढची हकिगत मला सासूबाईंनी पाव भाजता भाजता सांगितली, आणि तीही तुकड्यातुकड्यांनी, कारण पीठ भिजल्यावर त्या बोलत नसत.

रावेरला त्यांच्या वडिलांची, गोविंदरावांची, केळीची बाग होती. आई लहानपणीच गेलेली, घरात बाप आणि लेक दोघंच. गोविंदरावांना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि माफी मागता येत नव्हती. लेकीला रागावले आणि ती रुसून कोपऱ्यात बसली की ते एक शब्द बोलत नसत. घटकाभराने येत, तिच्याजवळ केळीच्या पानात बांधलेली मूठभर सुकेळी ठेवत आणि निघून जात. पिकलेली केळी सोलून, ताटीवर आठ दिवस उन्हात उलटून-पालटून, हाताने दाबून त्यांनी स्वतः वाळवलेली. तिने एक उचलून तोंडात टाकली की भांडण मिटलं. त्या घरात रुसवा काढायची ही एवढी एकच रीत होती.

मामंजी तेव्हा रावेर स्टेशनच्या मालधक्क्यावर क्लार्क होते. केळ्यांच्या वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, भरताना ते पावत्या लिहायचे आणि अनुसूया बापाच्या बैलगाडीवरून त्यांच्याकडे बघायची. पुढचं सांगायला नको. जात वेगळी, आणि वर मुलाच्या नावावर एक गुंठा जमीन नाही. गोविंदराव म्हणाले, "ज्याच्या पायाखालची जमीनसुद्धा सरकारची, त्याला पोरगी देऊ?" दोघांनी भुसावळला जाऊन लग्न केलं. परत येऊन सासूबाई पाया पडायला गेल्या तर बाप बागेच्या बांधावर उभा होता. "मी बोलावेपर्यंत इथं पाय ठेवू नको," एवढंच बोलला आणि पाठ फिरवून गेला.

वर्षभरात मामंजी गार्ड झाले आणि बदली झाशीला झाली.

रेल्वे कॉलनीत शेजारी एका इंजिन ड्रायव्हरची अँग्लो-इंडियन बायको राहायची. तिला सगळे मॉडबाई म्हणत. तिनेच हा पाव शिकवला. तिच्याकडे भट्टी नव्हती आणि सासूबाईंकडेही नव्हती. मोठ्या पातेल्यात चार बोटं वाळू घालायची, ते कोळशाच्या शेगडीवर तापवायचं, आत पिठाचा डबा ठेवायचा, वर परात आणि परातीत निखारे. मॉडबाई दोन अंडी फोडायची. सासूबाईंनी त्याऐवजी आंबट दही घातलं आणि ते जास्त चांगलं जमलं असं त्या मॉडबाईच्या तोंडावर सांगत. मात्र मॉडबाईचा एक नियम त्यांनी जन्मभर पाळला. खमिराचं पीठ तासन् तास वाट बघतं, सोड्याचं बघत नाही. सोडा शेवटी घालायचा, चार वेळा ढवळायचं आणि लगेच वाळूत. त्यानंतर दारात कोण का येईना, आधी डबा वाळूत जायचा. उशीर झाला की पाव बसतो.

पण या पावाला खरं निमित्त मिळालं ते दुसऱ्या उन्हाळ्यात. रावेरची केळी दिल्लीला जायची ती झाशीवरूनच. वाटेत दबलेले, जास्त पिकलेले घड यार्डात उतरवून फेरीवाल्यांना देऊन टाकत. सीपरीत एका हातगाडीवर असाच एक काळा पडलेला घड पडला होता आणि त्याच्या दांड्यावर गेरूचे तीन आडवे पट्टे होते. ती गोविंदरावांच्या बागेची खूण. लहानपणी ते पट्टे अनुसूयाच ओढायची.

"मी त्या दांड्याला हात लावला," सासूबाई मला म्हणाल्या, "आणि भर बाजारात रडले. हातगाडीवाला म्हणाला, बहनजी, सड़े नहीं हैं, मीठे हैं."

बापाची केळी बागेतून निघून चार दिवसांत तिच्या दारावरून जात होती आणि तिला मात्र जाता येत नव्हतं. पास होता, गाडी होती, नवरा गार्ड होता. बोलावणं तेवढं नव्हतं. तेव्हा त्यांनी ठरवलं की त्याच केळ्यांचा पाव करायचा आणि बापाला पाठवायचा. चिठ्ठी नाही, निरोप नाही. खाल्ला तर बघू.

मॉडबाईने बिस्किटांचा एक चौकोनी डबा दिला, झाकणावर जहाजाचं चित्र असलेला. सासूबाईंनी त्यावर कागद चिकटवला: गोविंदराव, केळीवाले, रावेर स्टेशन. गार्ड लोकांचे डबे हातोहात जात. प्रत्येक गार्डाजवळ काळी लोखंडी पेटी असे, लाइन बॉक्स. त्यात झेंडे, बत्ती, कपडे आणि कुणाकुणाचे डबे. मामंजींनी डबा बीनेला दिला, बीनेवाल्याने इटारसीला, इटारसीवाल्याने खंडव्याला आणि खंडव्याच्या गार्डाने रावेरला. तिथे केळी भरायला आलेल्या गोविंदरावांना 'झाशीहून आलाय' एवढंच सांगून त्याने तो हातात दिला. चार माणसांच्या हातून गेला आणि पावाचा एक कोपराही तुटला नाही.

आठ दिवसांनी डबा परत आला. रिकामा, लख्ख धुतलेला.

आता आपल्यात डबा रिकामा परत करत नाहीत, हे कुणाला सांगायला नको. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. गोविंदराव कितीही तापट असले तरी ही रीत त्यांना माहीत होती. अनुसूयेला ती त्यांनीच शिकवली होती. म्हणजे पाव खाल्ला आणि मुद्दाम काही घातलं नाही. सासूबाईंनी तो डबा मागच्या व्हरांड्यात नेला आणि चारी कोपऱ्यांत बोट फिरवून बघितलं. साखरेचा कणसुद्धा नव्हता.

दुसरी कुणी असती तर थांबली असती. मी तर नक्कीच थांबले असते, आणि वर एक खरमरीत पत्र लिहिलं असतं. त्या थांबल्या नाहीत. तीन पट्ट्यांचा घड दिसला की पाव व्हायचा आणि डबा जायचा. आठ-दहा दिवसांनी तो धुऊन पुसून परत यायचा आणि त्या व्हरांड्यात जाऊन चारी कोपऱ्यांत बोट फिरवायच्या. सहा वर्षं. चाळीसेक डबे. मॉडबाई तोवर ऑस्ट्रेलियाला निघून गेली. त्या सहा वर्षांत घरात मूल नव्हतं, मामंजी महिन्यातले पंधरा दिवस लाइनवर, आणि आपल्या माणसाची जी भूक असते ती त्यांना पोटात दुखावं तशी दुखायची. हे त्यांनी मला सरळ सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, एवढंसं काहीतरी घाला ना बापू. मातीचं ढेकूळ घाला."

एकोणीसशे चौसष्टचा हिवाळा. केशवराव नावाचे गार्ड खंडव्याहून बदली होऊन झाशीला आले. एका दुपारी ते ओळख करून घ्यायला घरी आले. सासूबाई स्वयंपाकघरात पीठ ढवळत होत्या. सोडा नुकताच पडला होता. मामंजींनी पाहुण्यांना आत बोलावलं, दारातल्या पाटावर बसवलं.

"वहिनी," केशवराव म्हणाले, "तुमच्या वडिलांना आमचा नमस्कार कळवा बरं का. सहा वर्षं त्यांची सुकेळी खाल्ली आम्ही. अशी सुकेळी सगळ्या खंडव्यात मिळायची नाही."

"कोणती सुकेळी?"

"अहो, परतीच्या डब्यातली. केळीच्या पानात बांधलेली. आमचा वाटा! ड्युटी संपली की रनिंग रूममध्ये पडल्या पडल्या सगळे मिळून खायचो. डबा मात्र तसाच खरकटा कधी नाही पाठवला. खानसाम्याकडून चकाचक धुऊन घेतल्याशिवाय पुढे नाही दिला."

ही गार्ड लोकांची जुनी रीत. जाणाऱ्या डब्याला कुणी बोट लावायचं नाही, उपाशी असलं तरी नाही. पण पोहोचवून परत येणाऱ्या डब्यात समोरच्याने जे घातलं असेल ते आणणाऱ्यांचं. ते पुढे कुणाला द्यायचं असेल तर झाकणावर त्याचं नाव हवं. गोविंदरावांना नाव लिहिता येत नव्हतं, आणि गावात दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलं असतं तर बाप नमला हे गावभर झालं असतं. झाकणावर कागद होता तो लेकीने लिहिलेला, त्यांच्याच नावाचा. गार्डांच्या लेखी तो पोहोचून मोकळा झालेला डबा होता. कुणाचाच गुन्हा नव्हता.

सासूबाईंनी पीठ डब्यात ओतलं, डबा वाळूत ठेवला, परात झाकली, निखारे मांडले. मग शेगडीसमोर बसून राहिल्या. मामंजींनीच कसाबसा चहा केला. केशवरावांना वाटलं, वहिनी जरा मितभाषी दिसतात. चहा पिऊन ते गेले.

ते गेल्यावर मामंजी म्हणाले, "मी आजच खंडव्याला लिहितो. ही काय पद्धत झाली?"

"तुम्ही आजवर परतीचे किती डबे खाल्लेत?" सासूबाईंनी विचारलं.

मामंजी नियमाचे पक्के. त्यांनी खरंच आठवून बघितलं. "बीना लाइनचे सगळेच," ते म्हणाले.

"तुम्हाला रीत माहीत होती. मला एका शब्दाने नाही सांगितलंत?"

"मला कुठे ठाऊक ते काही घालत असतील? मला वाटलं, म्हातारा अजून रागात आहे."

"मलापण तेच वाटलं," सासूबाई म्हणाल्या आणि मग त्यांना रडू आवरेना. "चायीस वेया बोलावलं हो त्यांनी मला. चायीस वेया."

पास निघायला तीन दिवस लागले असते. त्या थांबल्या नाहीत. पाव उतरला, फडक्यात गुंडाळला, त्याच जहाजाच्या डब्यात घातला. मामंजींनी तिकीट काढून आणलं आणि संध्याकाळच्या पॅसेंजरला त्यांना बसवून दिलं. लग्नानंतर पहिल्यांदा त्या एकट्या प्रवास करत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी रावेर. मालधक्क्यावर वाघिणी भरणं चालू होतं. वाळलेल्या पानांच्या थरावर घड रचत होते. गोविंदराव एका दगडावर बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, मान किंचित हलत होती. अनुसूयेने जाऊन डबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी झाकणावरचं जहाज बोटांनी चाचपलं.

"आज गार्ड बदलला का?" त्यांनी विचारलं.

"गार्ड नाही, बापू. मी आले."

त्यांनी डबा उघडला, पावाचा तुकडा मोडला, सावकाश खाल्ला. मग खाली बघतच म्हणाले, "सुकेयी गोड नव्हती का व? तुला नाही आवडली?"

इथे सासूबाई मला नेहमी थोडं थांबून सांगायच्या. त्यांच्या मनात सगळं तयार होतं. झाशीहून रावेरपर्यंत त्यांनी तेच घोकलं होतं, की बापू, मला मिळालीच नाही, एकही नाही, वाटेत लोकांनी खाल्ली. पण समोर त्या हातांकडे बघितलं. चाळीस वेळा केळी सोलून वाळवलेले हात. त्यांच्या तोंडून भलतंच निघालं.

"आवडली. सगळी मीच खाल्ली. कुणाला एक दिली नाही."

"मग आली का नाही?"

याचा विचार त्यांनी केला नव्हता. खोटं बोलायची सवय नसली की असं होतं. एक बोललं की दुसरं दारात उभं.

"रुसले होते," त्या म्हणाल्या.

गोविंदराव हसायला लागले. "सहा वर्षं? एवढी सुकेयी खाऊन?" धक्क्यावरच्या माणसांना हाका मारमारून ते सांगत सुटले, "बघा रे, माझी पोरगी आली! सहा वर्षं रुसली होती! माझ्यावरच गेली."

मला हे पटत नसे. मी भांडायची, "खरं सांगायचं ना तुम्ही! दोष फुकटचा अंगावर घेतला." एकदा त्या चिडल्या. म्हणाल्या, "तुम्हा झाशीवाल्यांना काय कळतं? खरं सांगितलं असतं तर त्यांनी केलेलं सगळं परक्यांच्या पोटात गेलं असतं. आता निदान त्यांच्या मनात तरी ते माझ्या पोटात गेलं." मग माझ्यासमोर पाव ठेवला.

त्या आठ दिवस रावेरला राहिल्या. येताना बापाने डबा भरून दिला. गाडी सुटताना गार्ड अदबीने म्हणाला, "बाई, द्या, माझ्या ब्रेकव्हॅनमध्ये ठेवतो." त्यांनी दिला नाही, झाशीपर्यंत मांडीवर धरून आणला. पुढच्या पावसाळ्यात गोविंदराव गेले. माझे पती मधु त्याच वर्षी दिवाळीत जन्मले.

बापाची सुकेळी त्यांनी लहानपणी पोटभर खाल्ली होती आणि त्या आठ दिवसांतही खाल्ली. पण ती चाळीस वेळची राहिली ती राहिलीच. "ती बोलावण्याची होती," त्या म्हणायच्या. "तिची चव वेगळी असणार."

म्हणून दर दिवाळीला आमच्याकडे एक म्हातारे गृहस्थ येत. मला पहिल्या वर्षी वाटलं, मामंजींचे कुणी नातलग असतील. ते केशवराव. निवृत्त होऊन झाशीतच राहिले होते. सासूबाई त्यांच्यापुढे पाव ठेवत, चहा ठेवत आणि समोर बसून म्हणत, "सांगा."

केशवरावांना सगळी हकिगत पुढे कळली होती. त्यांनी कितीदा तरी हात जोडले असतील. पण त्यांच्या माफीचं सासूबाईंना काही नव्हतं. त्यांना हवं होतं ते दुसरंच. केशवराव डोळे मिटून सांगायचे. पान उघडलं की आधी धुराचा बारीक वास यायचा. वरून चिकट, आतून मऊ. दाताखाली पहिल्यांदा जरा तुरट, मग एकदम गोड. शेवटी जिभेवर वेलचीसारखं काहीतरी राहायचं, पण वेलची नसायची. सासूबाई मान खाली घालून ऐकत. मामंजी गेल्यानंतरही हा क्रम चुकला नाही.

मागच्या दिवाळीला केशवरावांना त्यांच्या नातवाने हात धरून आणलं. नव्वदीच्या आसपास, नावं विसरायला लागलेले. मी पाव ठेवला. सासूबाई नेहमीच्या जागी बसल्या आणि म्हणाल्या, "सांगा, केशवराव. सुकेळी कशी लागायची?"

केशवराव त्यांच्याकडे बघत राहिले. "कोणती सुकेळी, वहिनी?"

नातू ओशाळला, "दादाजी अब भूल जाते हैं, आंटी."

सासूबाईंनी त्याला हातानेच थांबवलं. पाट ओढून त्या केशवरावांच्या जरा जवळ सरकल्या.

"पान उघडलं की आधी धुराचा बारीक वास यायचा," त्या म्हणाल्या. "वरून चिकट, आतून मऊ. पहिल्यांदा जरा तुरट लागायची. मग एकदम गोड."

केशवराव ऐकत होते. त्यांचे ओठ हलले.

"हो," ते म्हणाले. "फार गोड होती."